एचएमआयएस बेंगाल: सुरुंग काढणारं जहाज तोफांसमोर कसं गेलं?

ताडकळसमध्ये बसून आज आपण थेट हिंदी महासागरात जाणार आहोत. आपल्याकडे पाणी म्हटलं की गोदावरी, पूर्णा, नाहीतर बोअर. पण आजची गोष्ट आहे एका छोट्या जहाजाची, एचएमआयएस बेंगालची.

हे जहाज माइनस्वीपर, म्हणजे पाणसुरुंग काढणारं. त्या काळी बरेच सुरुंग समुद्राच्या तळाशी वजनाला बांधून पाण्याखाली तरंगत ठेवलेले असायचे. माइनस्वीपर मागे लांब तार ओढत फिरायचं. तारेला कटर असायचे. सुरुंगाची दोरी तुटली की तो वर यायचा, मग लांबून गोळ्या घालून तो निकामी करायचा. थोडक्यात, बंदराचा रस्ता साफ ठेवायचा. समोरासमोर लढणं हे याचं मुख्य काम नव्हतंच.

ब्रिटिशांच्या काळातल्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी ऑस्ट्रेलियात अशी चार जहाजं बांधली: बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. बेंगाल सिडनीत तयार झालं आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात आलं. लांबी साधारण ५७ मीटर. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन आणि बहुतेक खलाशी भारतीय.

नोव्हेंबरमध्ये ते भारताकडे निघालं. ज्या देशाचं जहाज, तो देश त्याने अजून पाहिलाही नव्हता! सोबत ओंडिना नावाचं डच तेलवाहू जहाज होतं. ११ नोव्हेंबर १९४२ ला समोर दोन जपानी जहाजं आली, होकोकू मारू आणि आयकोकू मारू. दोन्ही बेंगालच्या जवळपास तिप्पट लांब, वेगानेही जास्त, आणि त्यांच्यावर १४ सेंटीमीटरच्या तोफा. बेंगालकडे मोठी म्हणावी अशी एकच तोफ, तीही साडेसात सेंटीमीटरची.

विल्सननी ओंडिनाला निसटायला सांगितलं आणि बेंगालचं तोंड सरळ शत्रूकडे वळवलं.

ओंडिनाही गोळे डागत राहिलं. थोड्या वेळात होकोकू मारूवर मोठा स्फोट झाला आणि ते बुडालं. बेंगालचा दारूगोळा संपत आला, तेव्हा ते धुराच्या आडोशाने मागे हटलं. ओंडिनाचे कप्तान विलेम हॉर्समन मारले गेले. त्यावर टॉर्पेडोही बसले, पण टाक्या रिकाम्या असल्याने ते तरंगत राहिलं. होड्यांमध्ये उतरलेले खलाशी परत चढले आणि जहाज ऑस्ट्रेलियाला घेऊन गेले. बेंगालही आधी कोलंबोला आणि मग मुंबईला पोचलं.

आता मुद्द्याचं. व्हॉट्सॲपवर अशी गोष्ट आली तर ती 'एकट्या भारतीय जहाजाने जपान्यांना बुडवलं' अशीच येणार. पण तो निर्णायक गोळा बेंगालचा की ओंडिनाचा, यावर आजही एकमत नाही. मग बेंगालचं शौर्य कमी होतं का? मला नाही वाटत. गोळा कुणाचा लागला हे नंतरचं. तोंड शत्रूकडे वळवलं, तेव्हा निकाल कुणालाच माहीत नव्हता. जिंकण्याची शक्यता फारच कमी दिसत असताना ते वळले, हेच खरं मोठेपण. त्यासाठी डच खलाशांचं श्रेय पुसायची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर हेच जहाज आयएनएस बेंगाल झालं आणि १९६० पर्यंत सेवेत राहिलं. आपल्याला आठवतो तो एकच दिवस. बाकीची वर्षं ते आपली ड्युटी करत राहिलं.