कॉलेजचं वाय-फाय, घरचा हॉटस्पॉट: लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंग्ज आपोआप कशा बदलायच्या?

वैरागहून रोज एसटीने बार्शीला किंवा सोलापूरला कॉलेजला जाणाऱ्यांना ही कटकट ओळखीची असेल. लॅबमध्ये लॅपटॉपला ठरावीक आयपी पत्ता आणि प्रॉक्सी टाकून दिलेली असते. संध्याकाळी घरी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, की रेंज फुल दिसते पण एकही पान उघडत नाही. आणि नेमकी त्याच रात्री महाडीबीटीच्या फॉर्मची शेवटची तारीख असते! आपण डेटा संपला का बघत बसतो, दोष मात्र सेटिंगचा असतो.

हॉटस्पॉट चालू केल्यावर फोन स्वतःच लॅपटॉपला पत्ता देतो. याला डीएचसीपी म्हणतात. लॅपटॉप कॉलेजचाच पत्ता धरून बसला, तर दोघांचा मेळ बसत नाही. अँड्रॉइड फोन प्रत्येक वाय-फायचा आयपी आणि प्रॉक्सी वेगवेगळी लक्षात ठेवतो, म्हणून फोनवर हा त्रास जाणवत नाही.

विंडोज 11 मध्ये आयपीचं असंच करता येतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स इथे जा. कॉलेजचं नेटवर्क उघडून 'आयपी असाइनमेंट'समोर एडिट दाबा, मॅन्युअल निवडा आणि कॉलेजने दिलेले आकडे भरा. हॉटस्पॉटला मात्र 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' ठेवा. आधी कंट्रोल पॅनेलमधून पत्ता टाकला असेल तर तो काढा, कारण तो अख्ख्या वाय-फाय कार्डाला लागू होतो. तिथेच हॉटस्पॉटसाठी 'मीटर्ड कनेक्शन' चालू करून टाका, म्हणजे विंडोजचे अपडेट दिवसाचा डेटा गिळणार नाहीत.

खरी डोकेदुखी प्रॉक्सीची. विंडोजमध्ये ती सगळ्या नेटवर्कना मिळून एकच असते. लॅबच्या सरांना विचारा, 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज'वर चालतं का? चालत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सोपी युक्ती आहे: फायरफॉक्समध्ये प्रॉक्सी वेगळी टाकता येते. ती तिथे भरा, विंडोजची बंद ठेवा. कॉलेजात फायरफॉक्स वापरा, घरी क्रोम. टास्क शेड्युलरने नेटवर्क जोडताच स्क्रिप्ट चालवता येते, पण एवढ्यासाठी तो खटाटोप कशाला?

लॅन केबल वापरणाऱ्यांसाठी आयपीव्ही4 च्या प्रॉपर्टीजमध्ये 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' आहे. आधी आपोआप पत्ता मागायचा, नाहीच मिळाला तर तिथे भरलेला वापरायचा. मॅकवर 'लोकेशन्स' बनवता येतात, पण ती ॲपल मेनूतून हाताने बदलावी लागतात. उबुंटूमध्ये प्रत्येक नेटवर्कची सेटिंग मुळातच वेगळी राहते, प्रॉक्सी सोडून.

तरीही अडलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर समोरून पत्ताच मिळालेला नाही. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करा. आणि हॉटस्पॉटला स्वतःचं वेगळं नाव द्या. विंडोज नेटवर्क नावावरून ओळखतं, त्यामुळे मित्राच्या आणि तुमच्या फोनचं नाव एकच असेल तर त्याला दोन्ही सारखेच.