खुंटणें : एक शब्द आणि गोव्याचा छापखाना

प्रगति बंद पडली हें सांगणारे शब्द मराठींत पुष्कळ आहेत. परंतु ‘खुंटणें’ या शब्दांतील भाव ‘थांबणें’ यांत नाहीं. थांबलेला वाटसरू विसांवा घेऊन पुन्हां चालूं लागतो. ‘कुंठित’ हा संस्कृत शब्द बोथटपणाचा. म्हणून मति कुंठित होते, शस्त्र कुंठित होतें. खुंटणें मात्र शेतांतलें आहे. ताट कापल्यावर जमिनींत उरतो तो खुंट. कोंवळा शेंडा नखानें खुडणें, यासही खुंटणेंच म्हणतात. मुळांत जीव असतां वरून छाटलें जाणें, हा या शब्दाचा गाभा होय.

इतिहासांत याचें उदाहरण पाहावयाचें तर गोव्याच्या छापखान्याकडे पाहावें. अबिसीनियास जावयाचें एक मुद्रणयंत्र १५५६ सालीं गोव्यास उतरलें आणि तेथेंच राहिलें. हिंदुस्थानांतील मुद्रणाचा हा आरंभ. पुढें १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापून निघालें. भाषा मराठी, पण लिपि रोमन! स्वतः स्टीफन्स यांस देशी अक्षरांत ग्रंथ छापावे असें फार वाटे. १६०८ च्या पत्रांत त्यांनीं तें लिहिलेंही आहे. अडचण होती ती जोडाक्षरांची. त्यांकरितां सहाशें साचे हवे होते. ते कधींच पाडले गेले नाहींत.

१६७४ नंतर गोव्यांत छापलेलें पुस्तक आढळत नाहीं. १६८४ सालीं तर तेथील रहिवाशांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असें फर्मान निघालें. छापखाना त्याआधींच बंद पडला होता. तेव्हां सारा दोष फर्मानाच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. पण पुन्हां पालवी फुटावयास जी माती लागते, ती त्यानें नासली हें खरें. गोव्यांत मुद्रण पुन्हां सुरू झालें तें १८२१ सालीं, म्हणजे १४७ वर्षांनीं.

तोंवर अंकुर दुसरीकडेच फुटला होता. नाना फडणिसांनीं पुण्यांत आरंभविलेला उद्योग त्यांच्या मृत्यूनंतर मिरजेस गेला, आणि तांब्याच्या ठशांवरून गीता १८०५ सालीं छापली गेली. त्याच वर्षीं दूर बंगाल्यांत, श्रीरामपुरास, केरी यांचें मराठी व्याकरण नागरी टाइपांत निघालें. स्टीफन्स यांस हवे असलेले साचे अखेर तेथें पडले होते.