कंपूतल्या एका विहिरीची चौकशी

मागच्या उन्हाळ्यात कंपूतल्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून वाड्यातली जुनी विहीर उपसून पुन्हा वापरात आणायचं घरात चाललं होतं. "अरे, तू इंजिनीअर ना? पाणी प्यायला चालेल की नाही, एवढं सांग," असं त्या म्हणाल्या. वाड्यात दोन लहान नातवंडं आहेत, त्यामुळे उत्तर अंदाजाने देण्यासारखं नव्हतं.

माझी नोकरी पाइप आणि पंपांत गेली, इतिहासाचा नाद त्यानंतरचा. या कामात नोकरीपेक्षा नादच जास्त उपयोगी पडला, म्हणून ही टिपणं मंडळापुढे ठेवतो.

आधी जागेबद्दल. मराठीत आपण 'त्यांचा कंपू' म्हणतो तेव्हा टोळकं डोळ्यांसमोर येतं, पण शब्द मूळचा फौजेतला. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून कवायती पलटणी तयार करवल्या, त्यांना कंपू म्हणत. १८१० मध्ये दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली ती उठलीच नाही. तिचंच लष्कर शहर झालं आणि पलटणींच्या भागाला कंपू हे नाव चिकटून राहिलं. माणसं, घोडी, बैल सगळं एका जागी, आणि पाणी विहिरींचं. घाण जिथे टाकायची तीच जमीन आणि पाणी काढायचं तीही तीच.

पुढे सांक नदीवर तिघरा धरण झालं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे इथेही वापरले गेले. १९१६ मध्ये बांधून झालेलं हे धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलं, कारण पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपलं. ते पुन्हा बांधलं गेलं आणि आजही शहर त्याच पाण्यावर आहे. आपल्या किल्ल्याचा डोंगरही वालुकाश्माचाच. दगड वरून कितीही घट्ट दिसो, फटींतून पाणी वाट काढतं, हे ग्वाल्हेरकराला तरी वेगळं सांगायला नको.

नळ आला आणि विहिरीची भीड गेली. निर्माल्य, राडारोडा, जे नको ते तिच्यात जाऊ लागलं. काकूंच्या विहिरीचंही तसंच झालं होतं.

आता चौकशी. लोकांना वाटतं, बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत दिलं की झालं. पण प्रयोगशाळा तुम्ही विचाराल तेवढंच सांगते. शिशाची तपासणी सांगितली नाही तर शिसं अहवालात येणारच नाही. काय तपासायचं आणि कुठली माती उचलायची हे जागेच्या इतिहासावरूनच ठरतं. म्हणून मी आधी वही घेऊन काकूंसमोर बसलो. पूर्वी इथे काय काय होतं?

दोन तास लागले. मागच्या अंगाला टोपलीचे संडास, नंतर तिथेच शोषखड्डा, तो विहिरीपासून जेमतेम वीस पावलांवर. तबेला. रस्त्याकडची खोली बरीच वर्षं भाड्याने दिलेली. "तिथे बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा तो. उरलेलं पाणी अंगणात ओतायचा, गवत जळून जायचं," काकू सहज बोलून गेल्या. घराच्या खरेदीखतात यातला एक शब्दही नाही.

मग तपासणी सोपी झाली. खोलीजवळची माती, लांबच्या कोपऱ्यातली माती तुलनेसाठी, आणि विहीर दोन दिवस उपसून मग घेतलेलं पाणी. खोलीजवळच्या मातीत शिसं लांबच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. विहिरीच्या पाण्यात शिसं आढळलं नाही, पण नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या मर्यादेवर होतं. यात विसंगती नाही. शिसं मातीच्या कणांना धरून बसतं, बहुतेक वरच्या थरातच राहतं. संडासातून येणारं नायट्रेट पाण्याबरोबर चालू लागतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं, आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट आपल्याच राज्यात भोपाळला घडली आहे. कालीपरेडच्या जागेवर युनियन कार्बाइडचा कारखाना १९६९ पासून चालू होता. सुरुवातीची वर्षं कचरा आवारातल्याच खड्ड्यांत जाई, १९७७ पासून उत्तरेकडच्या बाष्पीभवन तळ्यांत. १९८४ च्या वायुकांडाने जगाचं लक्ष वेधलं, पण जमिनीत मुरलेलं विष त्याआधीचं आणि वेगळं होतं. नागपूरच्या 'नीरी'ने १९९७ च्या अहवालात भूजल बाधित नसल्याचं म्हटलं. १९९९ मध्ये ग्रीनपीसला मातीत पारा आणि आसपासच्या पाण्यात क्लोरीनयुक्त संयुगं सापडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वस्त्यांना शुद्ध पाणी द्यायला सांगितलं. २०१० मध्ये नीरीनेच, हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर, काही विहिरी दूषित असल्याचं नोंदवलं आणि बाधित माती सुमारे ११ लाख टन असल्याचा अंदाज दिला. नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला यावर उत्तर किती बदलतं, ते यातून दिसावं.

आवारात साठवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. तो कचरा त्याच वर्षी तिथे जाळला गेला. ११ लाख टन माती मात्र हलवलेली नाही.

पिथमपूरची आठवण आम्हाला अंगणातही झाली. काकूंचा मुलगा म्हणाला, "वरची फूटभर माती काढून नाल्यात टाकू." स्वर्णरेखेत आधीच काय कमी आहे? आणि पुढे ती कुणाच्या दारात जाणार? शेवटी त्या कोपऱ्यावर फरशी घातली, म्हणजे मुलांचे हात मातीला लागणार नाहीत आणि पाऊस आत मुरणार नाही. विहिरीचं पाणी झाडांना आणि धुण्याला, पिण्यासाठी नळाचंच. काकूंना हे फारसं पटलं नाही. त्यांच्या सासूबाई याच विहिरीचं पाणी पीत आणि नव्वदीपर्यंत जगल्या.

मातीत काय आहे, कुठे आहे आणि का आहे, हे एका कागदावर लिहून वाड्याच्या कागदपत्रांत ठेवलंय. उद्या वाडा विकला तर घेणाऱ्याला फरशी का उखडायची नाही ते कळेल.

मंडळाच्या सभासदांना एवढीच विनंती की आपण वंशावळी लिहितो, सनदा जपतो, तसं घराच्या आवाराचंही एक पान लिहा. संडास कुठे होता, विहीर कधी बुजवली, भाडेकरू काय धंदा करत होता, सगळं. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. काकूंशी बोलणं झालं नसतं, तर शिशाची तपासणी मला सुचलीही नसती.