काजूच्या भाटीवर

गोव्याचा इतिहास पाहायला निघालो की आपली पावले देवळांकडे आणि किल्ल्यांकडे वळतात. वाचकहो, एकदा वेगळी वाट धरा. एप्रिलमध्ये सत्तरीच्या डोंगरात, वाळपईच्या आसपास, एखाद्या काजूच्या भाटीवर जा. पिकलेल्या बोंडूंचा वासच तुम्हांला वाट दाखवील.

जुन्या रीतीच्या भाटीवर खडकात खोदलेल्या कुंडात बोंडू पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग बांधून त्यावर दगड ठेवला की थेंबथेंब ठिबकतो तो नीरो. तो गोड असतो, मुलांनाही चालतो. तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवसांत आपोआप आंबतो. त्यात खमीर घालावे लागत नाही. मग तो तांब्याच्या भाणात तापवून गाळतात. पहिल्या गाळपाचा हुर्राक सौम्य असतो आणि हंगामापुरताच मिळतो. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळले की फेणी होते. तिच्यात मद्यार्क सुमारे ४२ टक्के असतो, म्हणून चव घ्यायची ती घोटभरच.

काजूचे झाड आपले नव्हे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. मग गाळण्याचे कसबही त्यांचेच का? गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात काजूचा उल्लेख नाही. माडाची सूर गाळण्याचे वर्णन मात्र आहे. उत्तम गाळपाला ‘फुल’ आणि उरलेल्याला ‘ओराका’ म्हणतात, असे तो नोंदवतो. हा ओराका म्हणजेच आपला हुर्राक. त्याचे मूळ अरबी ‘अरक’. म्हणजे काजू रुजण्याआधीच कसब आणि शब्द इथे नांदत होते. नवे फळ आले, ते जुन्या भाणात पडले.

पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीची अबकारी गोव्यात आली. मुक्तीनंतरही फेणी दीर्घकाळ ‘देशी दारू’च्या वर्गात राहिली. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.

आता रस यंत्राने काढतात, आंबवायला प्लास्टिकची पिंपे आली आहेत. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कुंड गेले की त्याच्याभोवतीचे शब्दही जातात, आणि ते लिहून ठेवणारे आपल्यात थोडेच. आपल्या घरांतून बखरी जपल्या गेल्या, कुळांचे वृत्तांत छापले गेले. दारूचा विषय मात्र सोवळ्याबाहेरचा मानून आपण भाटीविषयी गप्प राहिलो. ऑर्ताने चार ओळी लिहिल्या म्हणून आज एवढे तरी सांगता येते.

तेव्हा भाटीवर गेलात तर पेला हातात घेण्याआधी तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोला. कोणत्या भांड्याला काय म्हणतात, धार कशी पारखतात, हे विचारा आणि घरी येऊन लिहून ठेवा. प्यायलाच हवे असे नाही, नीरो आहेच.