राज्य गेलेला राजा

महाराष्ट्राच्या इतिहासग्रंथांत तंजावरच्या वाट्याला फार थोडीं पृष्ठें येतात. शिवछत्रपतींच्या कर्नाटकच्या स्वारीच्या प्रकरणांत व्यंकोजीराजांचें नांव येतें. सन १६७७ मध्यें दोघां बंधूंची भेट झाली, वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून बेबनाव झाला, एवढी हकीगत सांगितली जाते. आणि मग लेखक जो एकदां कृष्णेच्या उत्तरेस परततो तो पुन्हां कावेरीकडे वळून पाहत नाहीं. थोरल्या भावाचें मोठेपण न ओळखणारा धाकटा भाऊ, ही व्यंकोजीची ओळख आपण शाळेंत घोकली आणि तीच आयुष्यभर पुरविली. परंतु त्या धाकट्या भावाच्या वंशानें तमिळ देशांत सुमारें १८० वर्षें गादी चालविली, आणि त्या गादीचा ठसा तेथील गायनावर, नृत्यावर, हरिकथेवर व ग्रंथसंग्रहावर आजहि उमटलेला आहे. या घराण्यानें मुलूख किती जिंकला असें विचारलें तर उत्तर फारसें भूषणावह येणार नाहीं. आमच्या मतें प्रश्नच चुकला आहे. कारण या घराण्यांतील ज्या पुरुषाचें काम सर्वांत टिकाऊ ठरलें, त्याच्यापाशीं मुलूख म्हणून कांहीं उरलाच नव्हता. त्या पुरुषाविषयीं, म्हणजे दुसऱ्या सरफोजीराजांविषयीं, येथें लिहावयाचें आहे.

प्रथम त्यांना मिळालेला वारसा पाहिला पाहिजे. तंजावरचें नायक घराणें सन १६७३ मध्यें मदुरेच्या नायकांपुढें लयास गेलें आणि त्यानंतरच्या गोंधळांत, विजापूरचे सरदार म्हणून गेलेल्या व्यंकोजींनीं तेथें स्वतःची गादी स्थापिली. प्रजा तमिळ, दरबारी कवितेची भाषा नायकांच्या वेळेपासून तेलुगु, शास्त्रीपंडितांची संस्कृत, आणि राजघराण्याची व दफ्तराची मराठी, असा हा संसार होता. जेत्यानें आपली भाषा प्रजेच्या डोक्यावर बसवावी ही रीत जगांत नवी नाहीं. तंजावरच्या भोसल्यांनीं तें केलें नाहीं. उलट व्यंकोजींच्या नांवावर तेलुगु द्विपद रामायण आहे, आणि त्यांचे पुत्र शाहजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांनीं तेलुगु, संस्कृत व मराठी अशा अनेक भाषांतून रचना केल्या. याच शाहजींनीं सन १६९३ मध्यें तिरुविशनल्लूर हें गांव ४६ विद्वानांस अग्रहार म्हणून दिलें. त्यांचें ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हें मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचें आहे. विष्णुदास भाव्यांचें ‘सीतास्वयंवर’ सांगलीस झालें तें १८४३ सालीं. म्हणजे मराठी नाटकाचा जन्म कोठें व केव्हां झाला, या आपल्या आवडत्या वादांत कावेरीकांठच्या या आप्तांची साक्ष घेतल्यावांचून निकाल देतां येणार नाहीं. पुढें तुकोजीराजांनीं ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजानें कवि, गायक व पंडित पोसावे हें सर्वत्रच असतें. येथें राजे स्वतःच लेखणी घेऊन बसत. (सांबाराचा शोध संभाजीराजांच्या पाहुणचारासाठीं याच दरबारांत लागला, अशी एक कथा हल्लीं फार फिरते. तिला आधार कांहींएक दिसत नाहीं. मात्र पंगतींत बसून ती सांगण्यास आमची हरकत नाहीं.)

सरफोजींचा जन्म सन १७७७ चा. तुळजाराजांना पुत्र उरला नाहीं, म्हणून १७८७ सालीं मरणापूर्वीं थोडेच दिवस त्यांनीं या भोसलेकुळांतील मुलास दत्तक घेतलें. तुळजाराजे गेले आणि त्यांचे सावत्र बंधु अमरसिंग पुढें आले. दत्तक अशास्त्र आहे असा अभिप्राय पंडितांनीं दिला, आणि इंग्रजांनीं तो मानून अमरसिंगास गादीवर बसविलें. पुढें दहा वर्षांनीं दत्तक सशास्त्र आहे असाहि अभिप्राय पंडितांनींच दिला, आणि इंग्रजांनीं तोहि मानला. या दोन अभिप्रायांच्या मधल्या काळांत शास्त्र बदललें नव्हतें; बदलली होती ती कंपनीची सोय.

मधलीं वर्षें या मुलाला कठीण गेलीं. अमरसिंगाच्या कैदेंत त्याचें शिक्षणहि बंद पडण्याची वेळ आली. श्वार्ट्झ नांवाचा एक वृद्ध जर्मन मिशनरी त्याच्या पाठीशीं उभा राहिला नसता, तर तंजावरच्या इतिहासांत या मुलाचें नांव एका ओळीपुरतेंच राहिलें असतें. सन १७९३ मध्यें त्याला सुरक्षिततेसाठीं मद्रासेस हलविण्यांत आलें, आणि तेथें इंग्रजी विद्येशीं त्याचा खरा परिचय झाला. विशेष हें कीं, या पाद्र्याच्या सहवासांत वाढलेला राजा शेवटपर्यंत निष्ठावंत शैव राहिला, आणि तरीहि गुरूविषयींची कृतज्ञता त्यानें कधीं लपविली नाहीं. श्वार्ट्झ वारला तो १७९८ च्या फेब्रुवारींत, शिष्याच्या राज्यारोहणाच्या अवघे चार महिने आधीं. सरफोजींनीं पुढें फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून त्याचें स्मारक करवून तंजावरच्या ख्रिस्तमंदिरांत बसविलें. त्यावरील इंग्रजी पद्यहि राजानें स्वतः रचलें.

जून १७९८ मध्यें गादी मिळाली. ता. २५ ऑक्टोबर १७९९ रोजीं तह झाला, आणि राज्याचा सर्व कारभार कंपनीनें आपल्या हातीं घेतला. राजाकडे तंजावरचा किल्ला राहिला, दरसाल एक लक्ष होन राहिले, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा राहिला. बावीस वर्षांच्या तरुणास राजपद मिळून पुरें दीड वर्ष झालें नव्हतें, तोंच त्यांतील राज्य निघून गेलें व पद तेवढें उरलें.

अशा स्थितींत काय करावें? त्या काळच्या पेन्शनर राजांनीं या प्रश्नाचीं जीं उत्तरें दिलीं तीं वाचकांस ठाऊक आहेत : शिकार, जनानखाना, कज्जे, आणि गव्हर्नरापुढें मानपानाच्या तक्रारी. सरफोजींनीं आधीं एक विलक्षण गोष्ट केली. राजराज चोळानें सन १०१० च्या सुमारास पुरें केलेलें बृहदीश्वराचें प्रचंड मंदिर तंजावरांत आहे; त्याच्या भिंतींवर त्या सम्राटाचे तमिळ लेख आहेत. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनीं सन १८०३ मध्यें भोसले कुळाचा समग्र इतिहास मराठींत, देवनागरी लिपींत कोरविला. एवढा विस्तृत शिलालेख हिंदुस्थानांत दुसरा क्वचितच सांपडेल. तह होऊन चार वर्षें झालीं होतीं. वंशाच्या इतिहासांत नवें प्रकरण आपल्या हातून लिहिलें जाणार नाहीं हें ज्याला कळून चुकलें, त्यानें झालेलीं प्रकरणें दगडावर नेऊन ठेवलीं, असा आम्ही या लेखाचा अर्थ करतों.

परंतु त्यांचें खरें काम म्हणजे सरस्वती महाल. नायकांच्या वेळेपासून राजवाड्यांत ग्रंथभांडार होतें. सरफोजींनीं त्याचें महाभांडार केलें. सन १८२० मध्यें ते काशीयात्रेस निघाले. बरोबर सुमारें तीन हजारांचा लवाजमा होता, आणि प्रवास दोन वर्षांच्या आसपास चालला. त्या यात्रेवर मराठी लावण्या रचलेल्या आहेत. काशीच्या घाटांचीं चित्रें काढविलेलीं आहेत. आणि परत येतांना राजानें काय आणलें, तर हस्तलिखितांचे गठ्ठे. इतर यात्रेकरू गंगाजळ आणतात. यांनीं तें तर आणलेंच असेल, पण पोथ्या आणल्या हें निश्चित. जी पोथी विकत मिळत नसे तिची नक्कल करून घ्यावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. आज या संग्रहांत सुमारें ४९,००० हस्तलिखितें आहेत. बहुतेक संस्कृत, पण मराठीहि तीन हजारांच्या घरांत. शिवाय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादि भाषांतील छापील पुस्तकें, नकाशे व चित्रें. त्यांतील अनेकांवर राजाची स्वतःची सही आहे. बर्नेल या इंग्रज पंडितानें येथील संस्कृत पोथ्यांची सूची सन १८८० मध्यें प्रसिद्ध केली, तेव्हां युरोपांतील विद्वानांस या भांडाराचें मोल कळलें.

राजवाड्यांत धन्वंतरि महाल होता. तेथें देशी व विलायती अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास व औषधांची पारख चाले, आणि उतरलेले पाठ तमिळ पद्यांत ग्रथित केले जात. नेत्ररोग्यांच्या तपासणीचे कागद अद्याप ग्रंथालयांत आहेत : रोग्याची हकीगत, केलेला उपचार, आणि शेजारीं डोळ्याचें रंगीत चित्र. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत असें परंपरा सांगते. तें कसेंहि असो. दोनशें वर्षांपूर्वीं रोग्यागणिक टिपण ठेवण्याची शिस्त एका हिंदी राजवाड्यांत होती, एवढें हे कागद सिद्ध करतात आणि तेवढें पुरेसें आहे. ‘नवविद्याकलानिधि’ नांवाचा देवनागरी छापखानाहि त्यांनीं काढला, आणि इसापाच्या गोष्टींचें ‘बालबोधमुक्तावलि’ हें मराठी पुस्तक त्यांत छापलें. मुंबई-पुण्याच्या शाळांतून छापील मराठी पुस्तकें दिसूं लागण्याच्या आधींची ही गोष्ट आहे.

नृत्याच्या बाबतींत तर आज सारें जग त्यांचें व त्यांच्या पुत्राचें ऋणी आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार बंधूंनीं या दोन राजांच्या आश्रयाखालीं भरतनाट्याच्या मैफलीस अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम लावून दिला, तोच क्रम आज पुण्याच्या वा मुंबईच्या रंगमंचावर नाचणारी मुलगी पाळते. सरफोजींनीं स्वतः नृत्यासाठीं मराठी पदें रचलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतून गेलेल्या कीर्तनकारांची शैली तंजावरच्या कृष्ण भागवतरांनीं उचलली. तमिळ हरिकथेंत साकी, दिंडी व अभंग ऐकूं येतात ते त्यामुळें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही केवळ स्तुतिपाठ गात आहों. तसें नाहीं. तंजावरच्या दक्षिणेस समुद्रकांठीं सरफोजींनीं १८१४-१५ सालीं एक आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. कशासाठीं, तर इंग्रजांनीं नेपोलियनवर मिळविलेल्या जयाच्या स्मरणार्थ! आपलें राज्य ज्यांनीं घेतलें त्यांच्या विजयाची ही गुढी पाहून मराठी वाचकाची मान खालीं जाते, आणि ती जावी हेंच योग्य. तमिळ लोक त्या बुरुजास आपल्याच शब्दानें ‘मनोरा’ म्हणतात. हेंहि विसरतां कामा नये कीं हा सारा खर्च ज्या पांचव्या हिश्श्यांतून झाला तो कावेरीच्या खोऱ्यांतील कुळांच्या घामाचा होता, आणि त्या कुळांचें कंपनीच्या अंमलांत कसें चाललें आहे हें विचारण्याचा अधिकार राजानें सहीनिशीं सोडून दिला होता. ओरत्तनाडू येथें छत्र बांधून वाटसरूंच्या अन्नाची व मुलांच्या शिक्षणाची सोय केली, हें त्यांतील थोडेंसें परत गेलें म्हणावयाचें. शिवाय त्याच मुलखांत, तिरुवय्यारु येथें, त्यागराज राहत होते. दरबारचें बोलावणें आलें असतां त्यांनीं तें नाकारलें अशी कथा आहे. तिचा तपशील खरा असो वा नसो, त्या काळचें सर्वांत थोर गाणें राजाच्या दिवाणखान्यांत नव्हे तर एका भिक्षेकरी रामभक्ताच्या ओसरीवर झालें, ही गोष्ट सरफोजींच्या चरित्रकारांनीं पुसून टाकूं नये.

सरफोजी सन १८३२ मध्यें वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरांत निपुत्रिक गेले, आणि कंपनीनें पद तर बुडविलेंच, पण राजाची खासगी मिळकतहि जप्त केली. राणी कामाक्षीबाई कोर्टांत गेल्या. मद्रासच्या न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. प्रिव्ही कौन्सिलनें सन १८५९ मध्यें तो फिरविला. कारण असें सांगितलें कीं, हें सरकारनें राजसत्ता म्हणून केलेलें कृत्य आहे व त्याचा न्याय कोणत्याहि कोर्टास करतां येत नाहीं. त्या निकालाचा दाखला कायद्याच्या पुस्तकांतून अजून दिला जातो.

ग्रंथसंग्रह मात्र वांचला. सन १९१८ मध्यें तो सर्वांस खुला झाला आणि आज तो सरस्वती महाल ग्रंथालय या नांवानें चालतो. त्यांतच दरबारच्या मोडी दफ्तराचे शेंकडों रुमाल आहेत : हिशेब, इनामपत्रें, कलावंतांचे पगार, औषधांच्या याद्या. मोडी वाचणारे तंजावरांत आतां फार थोडे. तेथील तमिळ विद्यापीठानें या कागदांपैकीं पुष्कळांचे तमिळ अनुवाद छापून काढले आहेत; तेव्हां सरफोजींच्या दरबारचा रोजचा व्यवहार ज्या मराठी वाचकाला जाणून घ्यावयाचा असेल, त्याला प्रथम तमिळ शिकावें लागेल.