मार्गवृक्ष व दुभाजकावरील वनस्पती : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्हा

रस्त्याच्या कडेने लावलेले सावलीचे वृक्ष आणि रुंद मार्गाच्या मधल्या पट्टीत, म्हणजे दुभाजकात, लावलेली झुडपे. उष्ण व कोरड्या प्रदेशात दोहोंसाठी काटक वनस्पतीच निवडाव्या लागतात. मात्र निवडीमागील हेतू काळानुसार बदलला आहे.

जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडल्यास पाऊस अल्प व अनिश्चित असतो. मलिक अहमद याने १४९० मध्ये वसविलेल्या अहमदनगरातील बागांना खापरी नळांनी दुरून पाणी आणले जाई. वाटेवरील झाडांना अशी सोय नसे. म्हणून दख्खनच्या मार्गांवर वड, कडुनिंब, चिंच असे खोल मुळांचे, दीर्घायुषी वृक्ष पसंत केले जात. पायी व बैलगाडीने जाणाऱ्याला सावली मिळावी, हा त्यामागील हेतू होय. वाटसरू व जनावरे यांच्यासाठी वड लावविल्याचा उल्लेख अशोकाच्या स्तंभलेखातही आढळतो. चौंडी (ता. जामखेड) येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांच्या विहिरी व धर्मशाळाही याच परंपरेतील होत. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्यास ‘अहिल्यानगर’ हे नाव देण्यात आले.

मोटारींची वर्दळ वाढून मार्ग चौपदरी झाले, तेव्हा समोरील वाहनांच्या दिव्यांची तिरीप अडविणारी बुटकी, दाट झुडपे आवश्यक ठरली. दुभाजकात माती थोडी, डांबराची धग तीव्र व पाणी बहुधा टँकरचे असते. अशा ठिकाणी कण्हेर टिकते. तिच्या पानांची साल जाड असून त्यांवरील रंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने बाष्पोत्सर्जन कमी होते. विषारी असल्यामुळे जनावरे तिला तोंड लावत नाहीत. म्हणूनच छाटलेल्या फांद्या चराऊ जागेत टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेली बोगनवेल काटेरी असून पाण्याच्या ताणावर अधिक बहरते. मात्र तिची वेळोवेळी छाटणी करावी लागते.

पुणे–नासिक महामार्गाच्या रुंदीकरणात संगमनेर परिसरातील अनेक जुने वृक्ष तोडले गेले. केंद्र शासनाच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात वृक्षारोपण व जोपासना यांसाठी निधीची तरतूद आहे. तथापि केवळ रोपांची संख्या मोजल्यास शंभर कण्हेरी एका वडाहून अधिक भरतात. झुडूप वाहनचालकाच्या उपयोगी पडते, एस. टी.ची वाट पाहणारा प्रवासी, शेतमजूर व मेंढपाळ यांना सावली लागते. त्यामुळे दुभाजकावरील लागवड ही मार्गवृक्षांना पूरक ठरते, पर्यायी नव्हे.