पायाखालचें बूच

बाटलीचें बूच सर्वांच्या परिचयाचें आहे; परंतु त्याच बुचाच्या लाद्या करून घरांतील जमीन त्यांनीं मढवितात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ‘बूच’ हा शब्दही मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीज भाषेंत ‘बुचा’, आजच्या उच्चारांत ‘बुशा’, म्हणजे भोंक बंद करण्याचा बोळा. गोमांतकाच्या वाटेनें तो कोंकणींत व मराठींत आला आणि असा रुळला कीं, त्याचें परकेपण आतां कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

खरें बूच म्हणजे पोर्तुगाल, स्पेन, उत्तर आफ्रिका इकडे होणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. ती सोलली तरी झाड मरत नाहीं. नवी साल धरतें. झाड सुमारें २५ वर्षांचें झालें म्हणजे पहिली साल काढतात, व पुढें पोर्तुगालांतील कायद्याप्रमाणें निदान ९ वर्षें कुऱ्हाड लावतां येत नाहीं. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत निघते. बाटलीस योग्य अशी साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, हातीं येते. आंबा आजोबानें लावावा आणि नातवानें खावा, तशांतलाच हा प्रकार.

१६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत रॉबर्ट हूक यानें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलेल्या बुचाच्या कापाचें वर्णन केलें व त्यांतील कप्प्यांस ‘सेल’ हें नांव दिलें. हवेनें भरलेल्या ह्या बंद कप्प्यांमुळेंच बूच हलकें असतें, दाबलें तरी पुन्हा फुगतें, आणि उष्णता व आवाज दोन्ही अडवितें. जमिनीच्या कामीं त्याचा भुगा प्रथम लिनोलियमच्या रूपानें पसरला. जवसाचें तेल आटवून त्यांत बुचाची पूड कालवावी व तें मिश्रण कापडावर थापावें, ही युक्ति इंग्लंडांत फ्रेडरिक वॉल्टन यानें १८६० नंतरच्या दशकांत काढली. शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत असें आढळलें कीं, उष्णता व दाब मिळतांच हा भुगा स्वतःच्याच चिकानें एकजीव होतो. मग निव्वळ बुचाच्या लाद्या निघूं लागल्या. प्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यानें ‘फॉलिंगवॉटर’ ह्या घराच्या न्हाणीघरांतूनही त्या बसविल्या.

आपल्याकडील बुचाचें झाड, ज्यास गगनजाईही म्हणतात, तें अगदीं निराळें. त्याचीं पांढरीं सुवासिक फुलें मुलें वेचतात. त्याच्या मऊ सालीचें हलक्या प्रतीचें बूच होतें, एवढ्यावरून त्यास हें नांव पडलें.

आतां ही लादी आपल्या घरांस मानवेल काय? जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत साखर कारखान्याभोवतीं वसलेलें अंकुशनगर घ्या. त्या मुलखांतील जुन्या घरांत मुरूम चोपून शेणानें सारवलेली जमीन असे. पुढें शहाबादी फरशी आली. वैशाखांत अशा फरशीवर पाय टेकला कीं ती अंगांतील उष्णता ओढून घेते आणि जीव निवतो. बूच नेमकें तेंच होऊं देत नाहीं. थंड देशांत जो गुण, तो मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत अवगुणच ठरावयाचा. तेथें बुचाची खरी जागा पायाखालीं नसून डोक्यावर, तापलेल्या पत्र्याच्या आंतल्या बाजूस आहे. अर्थात् समुद्रापलीकडून आणलेल्या मालाची किंमत परवडली तर!

पोर्तुगालांत मात्र ह्या लाद्यांवर बरेंच अवलंबून आहे. बाटल्यांस धातूचीं व प्लॅस्टिकचीं झांकणें येऊं लागल्यापासून सालीच्या मागणीस स्पर्धा निर्माण झाली. ज्या रानापासून मिळकत नाहीं, तें राखण्यास शेतकरी कां झटेल? बुचें पाडून उरलेल्या सालीच्याच बहुधा लाद्या होतात, आणि ते चार पैसे त्या रानाच्या राखणीस उपयोगी पडतात.